कमीत कमी तीन कोटेशनं

बँकेत कारकुनी करून करून माणसाच्या रक्तात कोटेशनं वाहू लागतात. शाखेत पाण्याचा माठ घ्यायचा तरी तीन कोटेशनं लागतात. गावात तीन कुंभार नसले तर उरलेले शेंदुर्णीहून आणावे लागतात, आणि मग ज्याचा माठ सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गळका तोच घ्यावा लागतो. त्यामुळे २०१९ च्या मार्चमध्ये न्यू जर्सीहून धाकट्याचा फोन आला, की 'दादा, जुलैत बाळंतपण आहे, आईला मेअखेर पाठव. विमान कोणतं ते तू ठरव, पैसे मी देतो,' तेव्हा मी ताबडतोब कागदावर तीन उभ्या रेघा मारल्या.

आता पहूर हे काही विमानांचं गाव नव्हे. जळगावहून औरंगाबादकडे (आता छत्रपती संभाजीनगर म्हणायचं) जाताना वाघूरच्या काठी लागणारं हे गाव. अजिंठ्याची लेणी बघायला निघालेले गोरे पाहुणे आमच्या बसस्टँडवरून धूळ उडवत जातात, तेवढाच आमचा आंतरराष्ट्रीय वाहतुकीशी संबंध. बाकी आमची झेप पी.जे.पर्यंत. पी.जे. म्हणजे पाचोरा-जामनेर, छप्पन किलोमीटरची नॅरोगेज. ती त्या वर्षी अजून चालत होती. २०२० च्या मार्चमध्ये करोनाने सगळ्यांना बसवलं तेव्हा तीही बसली.

पण दैव अनुकूल होतं. चौकशी केली तर कळलं, की अमेरिकेत जगभर उडणाऱ्या बड्या कंपन्या मोजून तीन : अमेरिकन, डेल्टा आणि युनायटेड. कोटेशनं बरोबर तीन! एवढा मोठा देश, पण बँकेचा विचार करून चाललेला दिसला.

गावात बातमी फुटली आणि सल्लागार जमले. शेजारचे निवृत्त हेडमास्तर म्हणाले, 'छे, छे! पॅन ॲमशिवाय जाऊ नका.' त्यांच्याकडे पॅन ॲमची एक निळी पिशवी आहे, तीतून ते वाचनालयाची पुस्तकं ने-आण करतात. ती कंपनी ४ डिसेंबर १९९१ ला बंद पडली, असं मी नम्रपणे सांगितलं. मास्तर म्हणाले, 'असेल. पिशवीची शिवणसुद्धा उसवलेली नाही.'

डेल्टाला पाठिंबा अनपेक्षित ठिकाणाहून मिळाला. पीककर्जाच्या नूतनीकरणाला आलेल्या एका शेतकऱ्याला मी सहज सांगितलं, की डेल्टा ही मुळात माणसं नेणारी कंपनीच नव्हती. अमेरिकेच्या दक्षिणेत कापसाची बोंडं सोंडकिड्याने फस्त केली, तेव्हा विमानातून पिकावर औषध धुरळायला १९२५ च्या सुमारास एक कंपनी निघाली आणि तिचीच पुढे डेल्टा झाली. मिसिसिपीच्या डेल्टावरून हे नाव. तो गृहस्थ सही करता करता थांबला. म्हणाला, 'भाऊसाहेब, मग आईले यांच्याच इमानानं धाडा. आन् २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं आमचा कापूस खाल्ला तव्हा हे कुठं व्हते, तेवढं इचारून या म्हना.' त्या दिवशी काउंटरपुढच्या रांगेत डेल्टा बिनविरोध निवडून आली.

अमेरिकनबद्दल आमचे शाखाधिकारी हळवे झाले. त्या कंपनीने १९८० च्या दशकात प्रत्येक सॅलडमधलं एकेक ऑलिव्ह कमी करून वर्षाला चाळीस हजार डॉलर वाचवले, असं सांगतात. साहेबांनी ही गोष्ट दोनदा ऐकली आणि सुतळीने बांधलेल्या आमच्या काउंटरवरच्या पेनाकडे कौतुकाने पाहिलं. त्या पेनाचं टोपण त्यांनी स्वतः काढून ठेवलेलं आहे.

राहिली युनायटेड. २०१७ च्या एप्रिलमध्ये शिकागोला युनायटेडच्या नावाने उडणाऱ्या विमानातून एका डॉक्टरला, जागा सोडत नाही म्हणून, ओढत बाहेर काढलं होतं. त्याची चित्रफीत आमच्या कॅशियरने थेट आईलाच नेऊन दाखवली. आईने ती शेवटपर्यंत शांतपणे पाहिली आणि म्हणाली, 'खिडकीतून रुमाल टाकला नसंन त्यानं.'

त्यातच १७ एप्रिलला आपली जेट एअरवेज बंद पडली आणि भाडी चढू लागली. मी घाईघाईने तुलनात्मक तक्ता पुरा केला. डेल्टा : पॅरिसपर्यंत एअर फ्रान्स, पुढे डेल्टा, सर्वांत स्वस्त. अमेरिकन : लंडनपर्यंत ब्रिटिश एअरवेज, पुढे अमेरिकन, किंचित महाग. युनायटेड : मुंबईहून थेट नेवार्क, साडेबारा हजार किलोमीटर, सोळा तास, मध्ये कुठेही थांबा नाही, आणि बावीस हजार रुपयांनी महाग. नियमाप्रमाणे निकाल उघड होता. रात्री जेवणं झाल्यावर मी तो ओसरीवर वाचून दाखवला.

आईने एकच प्रश्न विचारला. 'पॅरिसले उतरावं लागतं?'

'उतरायचं म्हणजे काय, या विमानातून त्या विमानात. पाचोऱ्याला नाही का आपण पी.जे.तून मोठ्या गाडीत...'

हे बोललो आणि जीभ चावली.

मी आठ वर्षांचा होतो, धाकटा चार. उन्हाळ्यात मामाच्या गावाला नाशिककडे निघालो होतो. पाचोऱ्याला पी.जे.तून उतरलो. आईच्या डोक्यावर ट्रंक, एका हाताला मी, आणि धाकट्याने माझा सदरा धरायचा, असा बंदोबस्त होता. सदरा कधी सुटला ते मला कळलं नाही. आईने मागे वळून पाहिलं तेव्हा समोर उभी असलेली भुसावळची पॅसेंजर सुटली होती आणि तिच्या खिडकीतून आमचा धाकटा आम्हाला टाटा करत होता. पुढचे तीन तास आई फलाटावर बसून होती. रडली नाही, बोलली नाही, ट्रंकेवरून उठली नाही. स्टेशनमास्तरांनी फोन फिरवले, आणि धाकटा म्हसावदला सापडला. तिथल्या मास्तरांच्या खुर्चीत बसून तो शेंगा खात होता. आमच्याकडे ही गोष्ट तो विनोदी म्हणून सांगतो. मीही हसतो. आई त्या वेळी स्वयंपाकघरात काहीतरी बघायला उठून जाते.

'मले मधी उतरनं नही,' आई म्हणाली आणि तक्त्यावर अडकित्ता ठेवून निघून गेली.

आमच्या बँकेत सर्वांत कमी दर डावलला तर शेवटच्या रकान्यात कारण लिहावं लागतं. मी लिहिलं : म्हसावद. आणि धाकट्याला कळवलं, की ठरल्याप्रमाणे तिकीट तुझं, पण वरचे बावीस हजार माझे. तो म्हणाला, 'अरे, मी देतो ना.' मी म्हटलं, 'नको.' सहा वर्षं तो डॉलर पाठवत होता आणि मी आईची रक्तदाबाची गोळी आणत होतो. दोन्हींचा हिशेब एका वहीत बसत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे. सदरा माझा सुटला होता, हे मात्र मी त्याला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला काउंटरवरच्या जाळीतून एक मुदत ठेवीची पावती आत आली. मागे हात ओळखीचा होता. आई रांगेत उभी राहून आली होती.

'मोडायची आहे,' ती म्हणाली.

मी हळूच म्हटलं, 'आई, घरी बोलू.'

'घरी तू क्लार्क नही.'

चाळीस हजारांची ती पावती मी चांगली ओळखत होतो. वडील गेल्यावर आईने ती स्वतःच्या तेराव्यासाठी ठेवली होती, म्हणजे मागून आम्हा भावांत कोणी किती द्यायचे यावरून बोलाचाली नको. मुदतीआधी मोडली तर एक टक्का दंड पडतो, हे मी तिला सांगितलं. 'पडू दे.' फॉर्मवर कारणाचा रकाना होता. 'काय लिहू?' मागचे लोक खोळंबले होते. आई म्हणाली, 'लिही, तेरावं पुढं ढकललं.' मी 'घरगुती अडचण' असं लिहिलं.

बाकी तयारीबद्दल काय सांगावं! बॅग तेवीस किलोची हवी म्हणून ती आडत्याच्या काट्यावर नेली. उडदाचे पापड, ज्वारीचे बिबडे, डिंकाचे लाडू, सगळं मिळून बरोबर तेवीस भरलं. मुंबईच्या विमानतळावर चोवीस! आडत्याने सवयीने किलोभर कटती धरली होती. आईने तिथेच फरशीवर बसून बॅग उघडली, स्वतःची शाल आणि दोन लुगडी काढून माझ्या हातात दिली आणि पापडाला हात लावला नाही. मग विमानतळावरच्या एका मुलीचा हात धरून, मागे न बघता, आत गेली. मी शाल घेऊन बराच वेळ बाहेर उभा होतो. विमानात थंडी असते म्हणतात.

ती सुखरूप पोचली. पण २० जूनला इराणने अमेरिकेचं ड्रोन पाडलं, आणि लागलीच युनायटेडने मुंबई-नेवार्क विमान थांबवलं. (पाकिस्तानने आपलं आकाश फेब्रुवारीपासूनच बंद ठेवलं होतं, ते १६ जुलैला उघडलं.) पहूरच्या बसस्टँडवर इराणचा एवढा निषेध पूर्वी कधी झाला नसेल. मास्तर पिशवी घेऊन आले आणि म्हणाले, 'मी सांगत होतो.'

आईचं परतीचं तिकीट नोव्हेंबरचं होतं. जुलैत मुलगी झाली, सगळं नीट पार पडलं. त्या आनंदात मी दोन दिवस विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी फोनवर म्हटलं, 'आई, तोवर थेट विमान सुरू नाही झालं, तर मध्ये बदलावं लागेल.'

'बदलीन.'

'अगं, पण पाचोऱ्याला...'

'तव्हा दोन पोरं व्हती, ट्रंक व्हती. आता मी एकलीच. माह्यासंगं हरवायले कोन हाये?' मागे बाळ रडत होतं, म्हणून ती जोरात बोलत होती. 'ते राहू दे. त्या पावतीतले उरलेले पैशे खात्यात हायेत ना?'

'आहेत. परत ठेवू का तेराव्यासाठी?'

'तेराव्यासाठी नही रे. पोरीच्या नावानं. अठरा वर्षांची कर.'

'आई, दहा वर्षांच्या वर ठेव घेत नाहीत.'

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, 'बरं, दहाची कर. पुढच्या आठाचं मी आल्यावर पाहीन.'