क्रॉस केबल

दोन कॉम्प्युटर शेजारी ठेवले, मध्ये केबल लावली, की झालं काम, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. जुन्या यंत्रांचं तसं नसतं. दुकानात मिळणारी नेहमीची सरळ केबल लावली तर दोन्ही लॅन कार्डांचे दिवे बंदच राहतात. या कार्डांत कुठल्या तारेनं काय करायचं ते कायमचं ठरलेलं असतं: एक आणि दोन नंबरच्या पिनवरून बोलायचं, तीन आणि सहावरून ऐकायचं. सरळ केबल एकाचं तोंड दुसऱ्याच्या तोंडाला आणि कान कानाला बांधते. मग दोघंही तारेवर ओरडत बसतात आणि ऐकणारा कोणीच नसतो.

माझ्या भाच्याचं औंढ्याला, नागनाथाच्या देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर डीटीपीचं दुकान आहे. दोन्ही बाजूंना बेल-फुलं, नारळ, पेढे. मध्ये याचा प्रिंटर. लग्नपत्रिका, दहाव्याची कार्डं, शाळेची प्रमाणपत्रं, यात्रेच्या दिवसांत स्वागताचे बॅनर. कोपऱ्यात विंडोज ९८ चं एक डबडं आहे, आणि गावाच्या कितीतरी वर्षांच्या सोयरिकी त्याच्या पोटात. त्यातून काही बाहेर काढायचं म्हणजे दिव्य. पेन ड्राइव्ह लावला तर ९८ ला ते काय प्रकरण आहे हेच कळत नाही, त्याला वेगळा ड्रायव्हर लागतो. सीडी रायटर कधीचाच गेलेला. फ्लॉपीत १.४४ एमबी मावतं, आणि पत्रिकेवरच्या गणपतीचा एकच स्कॅन त्याहून मोठा. इंटरनेटचं तर नाव काढू नये. शेजारचा कॉम्प्युटर त्यातल्या त्यात तरणा, म्हणजे विंडोज एक्सपीचा. त्यालाही मायक्रोसॉफ्टनं ८ एप्रिल २०१४ ला वाऱ्यावर सोडलेलं. तेव्हा गाठ घालायची ती दोन म्हाताऱ्यांचीच.

भाच्यानं केबल स्वतःच बनवायला घेतली. वरचं करडं साल गोल चिरून ओढलं की आत आठ तारा, दोन-दोनचा पीळ घातलेल्या चार जोड्या. हा पीळ उगीच नसतो. बाहेरून येणारी खरखर जोडीतल्या दोन्ही तारांवर सारखीच पडावी आणि पलीकडे तिची वजाबाकी व्हावी, म्हणून तो. टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेलनं १८८१ मध्येच त्याचं पेटंट घेतलं होतं. भाच्यानं पीळ सोडवला, नखानं तारा सरळ केल्या, एका टोकाला क्रम लावला: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दुसऱ्या टोकाला नारिंगीच्या जागी हिरवा आणि हिरव्याच्या जागी नारिंगी. बाकी सगळं तसंच. निळी नि तपकिरी जोडी या कामात नुसतीच बसून असते; आठातल्या चार तारा राबतात, चार मिरवतात. जॅकमध्ये तारा सरकवून त्यानं क्रिम्पिंग टूल दाबलं, कट्‌ असा आवाज झाला, आणि बाजारात क्रॉस केबल म्हणतात ती तयार झाली. दोन माणसं समोरासमोर उभी राहिली की एकाच्या उजव्या हातासमोर दुसऱ्याचा डावा येतो, तेवढाच हा फरक. यंत्रांना समोरासमोर उभं राहता येत नाही, म्हणून वळायचं ते केबलनं वळायचं.

औंढ्यात बसून हे बघताना नामदेव आठवणारच. नंदी इथं देवळाच्या मागं आहे, आणि त्याचं कारण गावातलं पोरही सांगतं. नामदेवांना पुढं कीर्तन करू दिलं नाही, ते मागच्या बाजूला जाऊन उभे राहिले, तर देऊळच त्यांच्याकडं तोंड करून फिरलं. नंदी राहिला होता तिथंच. नामदेवांचं नरसी याच जिल्ह्यातलं, आणि विसोबा खेचरांची नि त्यांची गाठही परंपरेनं इथलीच सांगितलेली. कथा खरी किती, हा प्रश्न मला कधी फारसा पडला नाही. मला तिच्यातली सोय आवडते: गाणाऱ्याला जागा बदलावी लागली, तर ऐकणाऱ्यानंही बदलली.

लॅन कार्ड घरोघर येण्याआधीही उलटापालट हीच होती. कॉम्प्युटरच्या पाठीवरच्या सीरिअल पोर्टला जोडायच्या केबलमध्ये दोन आणि तीन नंबरच्या तारा अदलाबदल करायच्या, तिला नल मोडेम म्हणत. १९९३ च्या डॉस ६ मध्ये त्यासाठी इंटरलिंक होतं, विंडोज ९५ मध्ये डायरेक्ट केबल कनेक्शन. वेग सेकंदाला फार तर १,१५,२०० बिट, म्हणजे एक फ्लॉपीभर मजकूर जायला दोन मिनिटं. तेवढ्यात चहा यायचा. पुढं कार्डंच शहाणी झाली. समोर कोण आहे ते ओळखून तोंड-कान आपल्या आपण बदलून घेऊ लागली, आणि क्रॉस केबल अडगळीत गेली. आजच्या पोराला हे नावही ठाऊक नाही, नि ठाऊक असण्याचं कारणही नाही.

यंत्रांच्या ऐकण्याचंच एक मोठं काम औंढ्याच्या तालुक्यातही यायचं आहे: दुधाळ्याजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडियाची वेधशाळा व्हायची आहे, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची. केंद्रीय मंत्रिमंडळानं २०२३ मध्ये त्यासाठी २,६०० कोटी मंजूर केले. गुरुत्वीय लहर पहिल्यांदा सापडली ती १४ सप्टेंबर २०१५ ला, अमेरिकेतल्या लिव्हिंग्स्टनला, आणि पाठोपाठ सुमारे सात मिलिसेकंदांनी हॅनफर्डला. तिथंही एकट्या यंत्राच्या साक्षीवर भागत नाही. दुसऱ्यानं तेच ऐकलं का, हे आधी विचारतात.

भाच्याला असल्या गोष्टींना वेळ नव्हता. त्यानं एकाला १९२.१६८.०.१ हा पत्ता दिला, दुसऱ्याला शेवटचा आकडा २, वर्कग्रुपचं नाव दोन्हीकडं सारखं ठेवलं आणि पिंग मारला. रिक्वेस्ट टाइम्ड आउट. पुन्हा तेच. दिवे तर लुकलुकत होते, म्हणजे केबल बिनघोर होती. एक्सपीच्या फायरवॉलनं दाराला कडी लावलेली. ती काढली आणि काळ्या पडद्यावर रिप्लाय फ्रॉमच्या ओळी उमटल्या.

"मामा, जायलंय बघा!"

सगळ्यात आधी त्यानं श्री-लिपीचे फॉन्ट ओढले. त्यात शहाणपण होतं. युनिकोडच्या आधीच्या या फॉन्टांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या घरात भाड्यानं राहतात. फॉन्ट नसला की 'श्री गणेशाय नमः'च्या जागी नुसता चिखल दिसतो. मग पेजमेकरच्या फाइली निघाल्या. नावं अशी: पाटील फायनल, पाटील फायनल २, पाटील खरं फायनल. एकाच फोल्डरात एका घरची लग्नं, बारशी आणि दहावे. मी लाइट जाईल म्हणून धास्तावलो होतो, कारण त्या डबड्याच्या यूपीएसला बॅटरीच नाही. भाचा निवांत. "कॉपी केलंय मामा, कट नाही. गेली लाइट तर पुन्हा लावू."

निम्मं झालं असेल, तेवढ्यात एक पागोटेवाले काका पायरीवर चढले. थोरल्याच्या लग्नात केली होती तशीच पत्रिका पाहिजे होती, तोच गणपती, तोच मजकूर. भाच्यानं एक्सपीवर फाइल उघडली, अक्षरं जागच्या जागी आहेत का ते एकदा खाली-वर पाहिलं, थोरल्याचं नाव खोडलं आणि विचारलं, "हं काका, धाकट्याचं नाव सांगा. नि पोरीकडचं गाव कोणतं?"