उत्तर माहीत असलेलं कोडं पुन्हा कशाला घालायचं?

विद्यार्थी मित्रांनो, एखादं कोडं तुम्हाला कुणी घातलं, तुम्ही डोकं खाजवलं आणि शेवटी उत्तर कळलं, की त्या कोड्याची मजा तिथेच संपते, असं आपण धरून चालतो. तेच कोडं कुणी पुन्हा घातलं तर आपण म्हणतो, "अहो, हे येतं आम्हाला!" मग जुन्या, गाजलेल्या रहस्यपटाचा रिमेक करण्यात काय अर्थ आहे? खून कुणी केला हे अर्ध्या जगाला ठाऊक असताना नवे नट, नवे कपडे आणि नवा कॅमेरा घेऊन तोच खून पुन्हा कशाला करायचा? आजच्या लेखात या प्रश्नाचा विचार करू या. एक वचन आधीच देतो : खुनी कोण ते मी कुठल्याही सिनेमाच्या बाबतीत सांगणार नाही. निर्धास्त वाचा.

उदाहरण म्हणून अगाथा ख्रिस्ती यांची 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस' घेऊ. ही कादंबरी १९३४ साली प्रसिद्ध झाली. इस्तंबूलहून निघालेली आगगाडी युगोस्लाव्हियात बर्फात अडकते, रात्रीतून एका श्रीमंत प्रवाशाचा खून होतो आणि डब्यातल्या डब्यात हर्क्यूल पॉयरो हा बेल्जियन गुप्तहेर तपास सुरू करतो. बाहेरून कुणी आत येऊ शकत नाही, आतून कुणी बाहेर जाऊ शकत नाही. म्हणजे खुनी गाडीतच आहे!

या कथेवर १९७४ मध्ये सिडनी ल्युमेट यांनी सिनेमा काढला. अल्बर्ट फिनी पॉयरो झाले. शॉन कॉनरी, लॉरेन बकॉल, अँथनी पर्किन्स, व्हनेसा रेडग्रेव्ह अशी मोठमोठी मंडळी प्रवासी म्हणून त्या डब्यात बसली. इन्ग्रिड बर्गमन यांची भूमिका तशी लहान. पण पॉयरो त्यांना प्रश्न विचारतो तो प्रसंग ल्युमेट यांनी जवळजवळ न तोडता, एकाच लांब शॉटमध्ये घेतला आणि त्या भूमिकेसाठी बर्गमन यांना ऑस्कर मिळालं. पुढे २०१७ मध्ये केनेथ ब्रॅना यांनी तोच सिनेमा पुन्हा केला. दिग्दर्शकही तेच आणि पॉयरोही तेच. सोबत जुडी डेंच, मिशेल फायफर, जॉनी डेप, पेनेलोपी क्रूझ. जगभरात त्याने सुमारे ३५ कोटी डॉलरचा धंदा केला. धंद्याच्या हिशेबाने रिमेक 'परवडला' हे उघड आहे. आपला प्रश्न मात्र तो नाही. पाहणाऱ्याला काय मिळालं, हा आपला प्रश्न आहे.

नाटकाला कुणी असं विचारतं का?

आधी आपल्या घरातली गोष्ट बघा. 'नटसम्राट' हे नाटक १९७० साली रंगमंचावर आलं. डॉ. श्रीराम लागू यांचे अप्पासाहेब बेलवलकर लोकांनी डोक्यावर घेतले. त्यानंतर दत्ता भट आले, सतीश दुभाषी आले, यशवंत दत्त आले. २०१६ मध्ये नाना पाटेकरांना घेऊन सिनेमाही आला. "अप्पांचं पुढे काय होतं ते माहीत आहे, मग पुन्हा कशाला?" असं कुणी म्हणालं नाही. उलट लोक म्हणाले, बघू तरी, हा कसा करतो! कीर्तनात रामकथा ऐकणाऱ्या आजीला रावण मरणार हे ठाऊक नसतं का? तरी ती मांडी घालून शेवटपर्यंत बसतेच.

म्हणजे शेवट माहीत असणं हा काही पाहण्यातला अडथळा नव्हे. पण इथे एक मेख आहे. 'नटसम्राट' हे कोडं नाही. रहस्यकथेत न माहीत असणं हाच अर्धा आनंद असतो आणि तो आनंद माणसाला एका कथेतून एकदाच मिळतो. 'खुनी कोण' हा धक्का तुम्हाला ज्या सिनेमातून पहिल्यांदा बसेल, तो सिनेमा त्या धक्क्याचा मालक! दुसऱ्याच्या वाट्याला तो येत नाही. म्हणून रहस्यपटाचा रिमेक करणारा माणूस नव्या पिढीकडून एक गोष्ट घेतो, जी तिला परत करता येत नाही. बदल्यात तो काय देतो, यावर त्याचं मोल ठरवायला हवं.

वडिलांचा राग

आमच्या घरी यावर खरोखरीचं भांडण झालेलं आहे. माझ्या वडिलांनी यश चोप्रांचा 'इत्तेफाक' १९६९ मध्ये, कॉलेजात असताना थेटरात पाहिलेला. राजेश खन्ना आणि नंदा. एकही गाणं नाही. बरीचशी गोष्ट एका रात्रीत, एका बंगल्यात घडते. पुढे कधी टीव्हीवर तो लागला की वडील आम्हा भावंडांना समोर बसवायचे आणि स्वतः उठून ओट्यावर जाऊन बसायचे. म्हणायचे, "माझ्या तोंडावरून तुम्हाला कळेल." इतकी त्यांना त्या रहस्याची काळजी!

२०१७ च्या नोव्हेंबरात नवा 'इत्तेफाक' आला. सिद्धार्थ मल्होत्रा, सोनाक्षी सिन्हा आणि तपास अधिकारी म्हणून अक्षय खन्ना. दिग्दर्शक अभय चोप्रा, म्हणजे बी. आर. चोप्रांचे नातू. ताई आणि मी वडिलांना घेऊन गेलो. मध्यंतरापर्यंत वडील खुशीत होते, कारण त्यांना सगळं 'माहीत' होतं. पण नव्या सिनेमाने शेवट बदललेला होता. बाहेर आल्यावर ते गप्प होते. रिक्षात बसल्यावर म्हणाले, "गोष्ट बदलायची तर नाव बदला. नाव तेच ठेवलंत म्हणजे माझ्या आठवणीला फसवलंत."

ताईचं म्हणणं उलट. ती म्हणाली, "बाबा, अठ्ठेचाळीस वर्षांनी तुम्हाला पुन्हा धक्का बसला की नाही? तो जुन्याने दिला असता का?"

मला दोघांचंही पटलं. ताईचा मुद्दा असा, की या रिमेकने जुन्या प्रेक्षकाची खात्रीच त्याच्यावर उलटवली. ज्याला काही माहीत नाही त्याच्यासाठी एक सिनेमा आणि ज्याला सगळं माहीत आहे त्याच्यासाठी दुसरा, असे दोन सिनेमे एकाच पडद्यावर चालू होते. पण वडिलांचं दुःखही खोटं नव्हतं. जे रहस्य त्यांनी आमच्यापासून इतकी वर्षं जपलं, ते आता नुसतं 'जुनं उत्तर' होऊन बसलं होतं.

गंमत म्हणजे, ज्याला आपण 'मूळ' म्हणतो तो १९६९ चा 'इत्तेफाक'ही एका गुजराती नाटकावरून घेतलेला आणि ते नाटक इंग्रजीवरून! म्हणजे मूळ कोणतं आणि नक्कल कोणती, ही रेघ आपण समजतो तितकी ठळक नसते.

वर्गातला प्रयोग

आमच्या नववीच्या मुलांना मी 'ओरिएंट एक्स्प्रेस'चे दोन्ही सिनेमे प्रोजेक्टरवर तुकड्यातुकड्यांनी दाखवले. आधी १९७४ चा, मग २०१७ चा. पहिला अर्धा झाल्यावर प्रत्येकाने संशयिताचं नाव चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचं, असं ठरलं. एका मुलाने मात्र शेवट आधीच मोबाईलवर वाचून ठेवला होता. बाकीची मुलं त्याच्यावर चिडली. मीही म्हटलं, याची मजा गेली. सगळं संपल्यावर तोच म्हणाला, "सर, मला माहीत होतं ना, म्हणून मी खुनी शोधतच नव्हतो. कोण कसं खोटं बोलतंय ते बघत होतो."

मित्रांनो, रसग्रहणाच्या प्रश्नात आपण जे शिकवायला धडपडतो, ते या पोराने एका वाक्यात सांगितलं! पहिल्यांदा पाहताना आपण 'कोण?' विचारतो. दुसऱ्यांदा पाहताना 'कसं?' आणि 'का?' विचारतो. चांगला रिमेक 'का?' वर जास्त वेळ देतो.

ब्रॅना यांनी नेमकं ते करून पाहिलं. त्यांचा पॉयरो सुरुवातीला ठाम असतो : एक बरोबर, एक चूक, मधे काहीच नाही. गाडीतला खून या ठामपणालाच तडा देतो. जुन्या सिनेमातला पॉयरो कोडं सोडवतो. नव्यातला पॉयरो कोडं सोडवल्यावर स्वतः अडचणीत येतो. कादंबरीतला कर्नल आणि डॉक्टर अशी दोन पात्रं एकत्र करून त्यांनी एक कृष्णवर्णीय डॉक्टर उभा केला. त्यामुळे आपल्याला चटकन कुणाचा संशय येतो आणि तो का येतो, हाही प्रश्न डब्यात शिरतो. ही खरी भर.

उलट बर्फाचा कडा कोसळणं, पुलाच्या सांगाड्यात पाठलाग हे सगळं दिसायला झकास, पण एक मुलगी पटकन म्हणाली, "सर, पॉयरो पळतो कशाला? तो तर बसून विचार करणारा माणूस आहे." जुन्या सिनेमात माणसं बसून नुसती बोलतात आणि तरी कुणी जांभई दिली नाही, हेही मुलांनीच सांगितलं.

आणखी एक गोष्ट वर्गात लक्षात आली. या कथेच्या मुळाशी एका लहान मुलीच्या अपहरणाची आणि खुनाची जुनी घटना आहे. ख्रिस्तीबाईंना ती सुचली १९३२ च्या खऱ्या प्रकरणावरून. अटलांटिक एकट्याने विमानातून ओलांडणाऱ्या चार्ल्स लिंडबर्ग यांचं तान्हं बाळ घरातून पळवलं गेलं, खंडणी दिली गेली, तरी बाळ मेलेलंच सापडलं. १९३४ च्या वाचकाला हे सांगावंच लागलं नसेल. आज माझ्या वर्गात ते नाव एकालाही माहीत नव्हतं. कायदा जिथे कमी पडतो तिथे माणसांनी काय करावं, हा या कथेचा गाभा. तो प्रश्न जुना होत नाही. त्याच्या भोवतीचे संदर्भ तेवढे जुने होतात. म्हणून दर पिढीला कुणीतरी ती गोष्ट नव्याने सांगावी लागते.

मग रिमेक करावा की नाही?

नुसती हुबेहूब नक्कल काही देत नाही. हिचकॉक यांच्या १९६० च्या 'सायको'चा गस व्हॅन सँट यांनी १९९८ मध्ये जवळजवळ शॉटला शॉट जुळवून रंगीत सिनेमा केला. चौकटी त्याच, पण भीती मागेच राहिली. जुन्या घराला नुसता रंग दिला म्हणून ते नवं होत नाही.

म्हणून माझं मत असं : रिमेक जर मूळ सिनेमाला एखादा नवा प्रश्न विचारत असेल, तर तो जरूर करावा. फक्त चकचकीतपणा वाढवत असेल, तर त्याने नव्या मुलांचा तो एकदाच मिळणारा धक्का फुकट खर्च केला, असं मी म्हणेन.

आणि पाहणाऱ्यांसाठी एक साधा क्रम : आधी पुस्तक, मग जुना सिनेमा, मग नवा. नवा आधी पाहिलात तर जुन्याला तुमच्यासमोर निम्म्या ताकदीनेच उभं राहावं लागतं. जुना आधी पाहिलात तर नव्यालाही त्याचं वेगळं मोल मिळवावं लागतं, आणि ते योग्यच आहे.

करून पाहा : एखादा जुना रहस्यपट आणि त्याचा रिमेक पाहा. वहीत तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. नव्याने काय बदललं? ते का बदललं असेल? त्या बदलाने तुम्हाला कोणता नवा प्रश्न पडला? तिसऱ्या प्रश्नाखाली काहीच लिहिता आलं नाही, तर तो रिमेक फारसा गरजेचा नव्हता असं खुशाल समजा.

लिहून झालं की वही मित्राला जरूर दाखवा. फक्त त्याने सिनेमा पाहिला नसेल, तर शेवटाचं पान दुमडून ठेवा!