चोर सोडून संन्याशाला

टोइंगवरून मोटार खाली उतरायच्या आधीच तिचं निदान उतरलेलं असतं. "ईसीएम गेलाय म्हणत्यात, तेवढा बदलून द्या." कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी इंजिनांचे संगणक तपासतो, दुरुस्त करतो आणि वेळ आलीच तर बदलतो, त्यामुळे हे वाक्य मला रोजचंच. माझा अनुभव उलटा आहे. मोटारीत काही बिघडलं की आळ या संगणकाच्या डब्यावर येतो आणि बहुतेक वेळा तो खोटा निघतो. आणि डबा खरोखरच मेलेला असेल, तर त्याला मारणारं कुणीतरी त्याच गाडीत बसलेलं असतं.

तळहाताहून थोडा मोठा ॲल्युमिनियमचा डबा. कुणी त्याला ईसीएम म्हणतं, कुणी ईसीयू. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर चार सिलिंडरच्या पेट्रोल गाडीत सेकंदाला 100 ठिणग्या पडतात. प्रत्येक ठिणगीआधी पेट्रोल किती सोडायचं आणि ती नेमकी कधी पाडायची, हे तो ठरवतो. 1967 साली फोक्सवॅगनमध्ये बॉशची डी-जेट्रॉनिक आली तेव्हा संगणकाकडे फक्त इंधनाचं खातं होतं. 1979च्या बीएमडब्ल्यूमध्ये मोट्रॉनिकने ठिणगीही ताब्यात घेतली. आपल्याकडे 2000च्या प्रदूषण नियमांनंतर कार्ब्युरेटर मागे पडत गेला आणि 1 एप्रिल 2020ला बीएस-6 लागू झाल्यावर बहुतेक दुचाक्यांतही हा डबा येऊन बसला.

आळ यायला कारण आहे. बाकी सगळं मेकॅनिकला हाताने उघडून बघता येतं, हा डबा सीलबंद. जे बाकी कशात सापडलं नाही ते याच्यात असणार, असा हिशोब होतो. त्यात स्कॅनरची भर. स्कॅनर 'पी 0201' दाखवतो, म्हणजे पहिल्या इंजेक्टरचं सर्किट. त्यात इंजेक्टर येतो, त्याच्या वायरी येतात, कपलर येतो आणि शेवटी ईसीयूच्या आतला ट्रान्झिस्टर. यातलं नेमकं काय बिघडलं, हे कोड सांगत नाही. ते मोजूनच काढावं लागतं.

मोजायचा क्रम ठरलेला आहे. आधी बॅटरी: उभ्या गाडीत 12.6 व्होल्टच्या आसपास हवी आणि सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली जायला नको. मग ईसीयूच्या कपलरवर येणारा करंट. इथे नुसत्या मल्टिमीटरवर विसंबलं की फसगत होते. वायरीच्या आत गंज चढून एकच तार शिल्लक असली, तरी मीटर थाटात 12 व्होल्ट दाखवतो, कारण मीटर स्वतः करंट जवळजवळ घेतच नाही. म्हणून मी त्या पिनेवर इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब लावतो. बल्ब लख्ख पेटला तर वायर खरी. तांबूस, मरतुकडा पेटला तर ईसीयूच्या नावाने बोंब मारण्यात अर्थ नाही. अर्थिंगचंही तसंच. ते ओहमवर मोजायचं नाही. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला, दुसरी ईसीयूच्या अर्थला लावायची आणि सेल्फ मारायला सांगायचं. व्होल्टचा दहावा हिस्सा आला तर ठीक, अर्धा व्होल्ट आला तर बॉडीला आवळलेला अर्थचा नट खोलायचा. तिथे रंग किंवा गंज सापडतो.

यानंतरची पायरी बरेच जण गाळतात: पाच व्होल्ट. ईसीयू आपल्या सेन्सरना स्वतः पाच व्होल्टचा पुरवठा करतो आणि पुष्कळ गाड्यांत एकाच लाईनवर तीन-चार सेन्सर असतात. त्यातला एक शॉर्ट झाला की सगळी लाईन बसते.

गेल्या पावसाळ्यात गडहिंग्लजच्या एका गुरुजींची छोटी पेट्रोल गाडी आली. चावी फिरवली तरी चेक इंजिनचा दिवा लागत नव्हता, स्कॅनर बोलत नव्हता, पंपाचा आवाज नाही. दुसरीकडे ईसीयू मेल्याचं सांगून नव्याची किंमतही काढून दिली होती. बल्ब लख्ख पेटला, अर्थ चोख निघाला. थ्रॉटलच्या कपलरवर पाच व्होल्टची वायर धरली तर मीटरवर 0.3. मीटर तिथेच अडकवून ठेवला आणि पोराला सांगितलं, त्या लाईनवरचा एकेक सेन्सर काढत जा. मॅप सेन्सर काढला, आकडा हलला नाही. मग पुढे बंपरच्या आत, एसीच्या पाइपवरच्या प्रेशर सेन्सरचा कपलर काढला. त्यातून पाणी टपकलं, आणि मीटरवर 5.01. डॅशबोर्डवर दिवा लागला. एसीचा सेन्सर मरतो आणि इंजिन बंद पडतं, हे गुरुजींना पटेना. वायरिंगचा नकाशा दाखवला तेव्हा म्हणाले, "म्हणजे चोर सोडून संन्याशालाच फाशी देत होते की!" नवा ईसीयू बसवला असता तरी त्याचेही पाच व्होल्ट त्याच पाण्यात गेले असते.

आता खरोखर मेलेल्यांविषयी. ईसीयू म्हातारा होऊन मरतो असं थोडं घडतं. 1990च्या सुरुवातीच्या काही जपानी गाड्यांत कपॅसिटरमधलं द्रव गळून बोर्डाचे ट्रॅक खाल्ले गेले, ते तसं मरण. बाकीचे मारले जातात. इग्निशन कॉइल आतून शॉर्ट होते आणि तिला चालवणारा ट्रान्झिस्टर जळतो. कॉइल तशीच ठेवून ईसीयू बदलला की नवाही त्याच वाटेने जातो. जंप स्टार्ट करताना प्लस-मायनस उलटं लागतं. बॅटरी न सोडता बॉडीला वेल्डिंग होतं. अल्टरनेटर चार्ज करतोय का हे बघायला चालू इंजिनात बॅटरीची टर्मिनल काढायची जुनी युक्ती आजही दिसते. त्या क्षणी अल्टरनेटरचा उसळलेला व्होल्टेज 40च्या पार जाऊ शकतो. संरक्षणाचे भाग तो झेलतात, पण दर वेळी झेलतील याची हमी नाही.

आणि पाणी. 2019 आणि 2021च्या पंचगंगेच्या पुरानंतर आमच्याकडे अशा गाड्यांची रांग होती. बुडालेला ईसीयू पाण्यापेक्षा पाण्यातल्या करंटने जास्त लवकर खराब होतो. बॅटरी जोडलेली असेल तर पिनांमधलं तांबं हिरवं होऊन झिजत जातं. म्हणून पुरातून निघालेल्या गाडीला "बघू चालू होते का" म्हणून सेल्फ मारू नये, आधी बॅटरी सोडावी. पाणी वायरीच्या रबराच्या आतूनही सरकत जातं. डबा उंचावर असला तरी कपलर उघडून बघावाच लागतो.

बदलायचा ठरला तर डबा बदलणं हे अर्ध्या तासाचं काम. खरं काम त्याच्या स्मरणाचं. चावीतली चिप आणि ईसीयू यांची ओळख इमोबिलायझरने पक्की केलेली असते. अनोळखी ईसीयू बसवला तर इंजिन चालू होत नाही, किंवा होऊन लगेच बंद पडतं. कॉमन रेल डिझेलमध्ये प्रत्येक इंजेक्टरवर अंक-अक्षरांचा कोड कोरलेला असतो. तो इंजेक्टर कारखान्यातल्या चाचणीत किती कमी-जास्त डिझेल सोडतो, याची ती नोंद. ती ईसीयूत भरली नाही तर इंजिन थरथरतं, धूर काढतं. शोरूममधून नवा घेतला तर हे सगळं कंपनीच्या सॉफ्टवेअरने होतं. जुना घ्यायचा तर लेबलवरचा नंबर तंतोतंत जुळायला हवा. बॉशच्या ईसीयूत 0261ने सुरू होणारा पेट्रोलचा, 0281चा डिझेलचा, पण पुढचे सहा अंकही तेच हवेत. मग मेलेल्या डब्याची मेमरी वाचून नव्यात उतरवायची. प्रोसेसर जळाला नसेल तर बहुधा ती वाचता येते. जुना ईसीयू कुठल्या गाडीचा, याची पावती मी मागतोच. चोरीच्या गाड्यांचे सुटे भाग याच बाजारात फिरतात.

हे सगळं करायला वायरिंगचा नकाशा लागतो, आणि तो छोट्या गॅरेजला सहज मिळत नाही. 2014 साली भारतीय स्पर्धा आयोगाने 14 मोटार कंपन्यांना याच कारणावरून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची साधनं खुल्या बाजारात द्या, असं बजावलं. प्रकरण पुढे अपिलांत गेलं. 2022मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या कक्षेत मोटारीही होत्या. तरी वायरिंगच्या नकाशासाठी गॅरेजवाले आजही एकमेकांच्या व्हॉट्सॲपवर फोटो मागतात. नकाशा नसला की मेकॅनिक अंदाज बांधतो, आणि अंदाजाचं बोट सगळ्यात महाग डब्याकडे जातं. त्याची अक्कल कमी असते असं नाही, त्याच्या हातात कागद नसतो.

तुम्हाला कुणी ईसीयू बदलायला सांगितलं तर एवढंच विचारा: पॉवर, अर्थ आणि पाच व्होल्ट मोजले का, आणि आकडे किती आले? नवा बसवायचाच असेल तर जुना कशाने मेला? आकडे आणि कारण सांगेल त्याच्याकडे गाडी निर्धास्त सोडा, मग गॅरेज पत्र्याचं का असेना.