शर्ट कंपनीचा, धुणं तुझं

चि. सायली,



चंद्रपूरला रुजू झालीस, खोली मिळाली, शेजार बरा आहे, हे सगळं ताईकडून कळलं. तुझ्या पत्रात मात्र ‘एचटी पॅनल’ आणि ‘स्विचयार्ड’ हे दोन शब्द वाचले आणि मी त्यांच्यापाशीच थांबले. कंपनी दोन जोड एफआर, म्हणजे आगरोधक, शर्ट देणार आहे, दोन प्रकारांतला कुठला घेऊ, असं विचारलं आहेस. प्रयोगशाळेत कापडं जाळून बघण्यातच माझी सारी नोकरी सरली, तेव्हा यावर सविस्तर लिहिते. निवडीचं थोडक्यात सांगता येईल. धुण्याचं येणार नाही.

आधी हा शर्ट करतो काय, ते बघ. आम्ही कापडाची फूटभर पट्टी चौकटीत उभी लावायचो आणि तिच्या खालच्या कडेला बारा सेकंद बर्नरची ज्योत द्यायचो. साध्या सुती कापडाची पट्टी ज्योत काढल्यावरही जळत राहते आणि बघता बघता वरच्या चिमट्यापर्यंत जाते. पॉलिस्टर आकसतं, वितळतं, त्याचे पेटते थेंब खाली टपकतात. हे थेंब कातडीला चिकटले की सुटत नाहीत. एफआर कापडही ज्योतीत काळं पडतं, धुरकटतं, पण ज्योत काढली की विझतं. दोन सेकंदांच्या वर ते पेटतं राहिलं तर आम्ही नापास करायचो. म्हणजे हा शर्ट तुला आगीत उभं राहू देत नाही. आग लागून गेल्यावर तो स्वतः तुझ्या अंगावर जळत राहत नाही, एवढीच त्याची हमी. तेवढ्याने माणसं वाचतात, कारण अशा अपघातांतलं सर्वांत वाईट भाजणं पुष्कळदा अंगावरच पेटलेल्या कपड्यांमुळे होतं.

तुझ्या कामात धोका आर्क फ्लॅशचा. ब्रेकर रॅक-इन करताना, म्हणजे पॅनलमध्ये आत सरकवताना, काही चुकलं तर क्षणभरासाठी जी ठिणगी होते, तिचं तापमान वीस हजार अंश सेल्सिअसच्या घरात जाऊ शकतं. उघड्या कातडीवर चौरस सेंटीमीटरला १.२ कॅलरी इतकी उष्णता आली, की फोड येणारं, दुसऱ्या श्रेणीचं भाजणं सुरू होतं. म्हणून लेबलवर पहिल्यांदा ‘आयईसी ६१४८२-२’ हा क्रमांक शोध आणि त्याच्याजवळ एटीपीव्हीचा आकडा किंवा ‘एपीसी १’, ‘एपीसी २’ असा वर्ग. एटीपीव्ही ८ असेल तर चौरस सेंटीमीटरला आठ कॅलरी येईपर्यंत आतली कातडी भाजण्याची शक्यता निम्म्याहून कमी. तुझ्या पॅनलवर किती ऊर्जा येऊ शकते, याचा अभ्यास कंपनीने केलेला असतो. तो आकडा तुमच्या सेफ्टी ऑफिसरला विचार आणि शर्टाच्या आकड्याशी ताडून बघ. न लाजता विचार. आयएसओ ११६११ वेल्डिंगसाठी, ११६१२ साधारण उष्णता आणि ज्वाळेसाठी. आपल्याकडचा आयएस १५७४८ही उष्णतेजवळ काम करणाऱ्यांसाठीच. ते असले तर चांगलंच, पण आर्कचा आकडा त्यांत धरलेला नाही.

आता तुझ्यापुढचे दोन शर्ट. एक अरामिडचा. त्याचा धागाच जन्मतः आग न धरणारा, म्हणून धुण्याने त्याचा गुण जात नाही. महाग, टिकाऊ, पण घाम टिपण्यात सुताच्या मागे. दुसरा ८८ टक्के कापूस आणि १२ टक्के नायलॉनचा, रसायनाची प्रक्रिया केलेला. नायलॉन वाचून दचकू नकोस. एवढ्याशा नायलॉनला भोवतीचा कोळसा झालेला कापूस धरून ठेवतो, ते टपकत नाही, आणि कोपर-खिसे लवकर विरत नाहीत. माझं मत दुसऱ्याच्या बाजूने. चंद्रपूरचा मे महिना पंचेचाळीस अंशांचा. तिथे जो शर्ट अंगावर सहन होतो तोच गळ्यापर्यंत बटणं लावून घातला जातो. बाह्या कोपरापर्यंत गुंडाळलेल्या आणि वरची दोन बटणं उघडी असली, तर लेबलवर काहीही छापलेलं असो, तेवढी जागा उघडीच.

हा कापसाचा शर्ट घेतलास, तर धुणं गंभीरपणे घे. १८२१ साली फ्रान्समध्ये गे-ल्युसॅक या रसायनशास्त्रज्ञाने नाटकगृहांतल्या कापडांसाठी अमोनियम फॉस्फेट आणि टाकणखार यांची मिश्रणं वापरून दाखवली होती. कापड पेटेनासं झालं, पण धुतलं की क्षार पाण्याबरोबर गेले. आजही काम फॉस्फरसच करतं: उष्णता लागली की त्याचं आम्ल होतं, ते कापसातलं पाणी ओढून घेतं, आणि पेटणारी वाफ होण्याऐवजी कोळसा होतो. फरक एवढाच की आता तो फॉस्फरस धाग्याच्या आत न विरघळणाऱ्या रूपात बसवलेला असतो. त्याला तिथून उपटणारी गोष्ट म्हणजे क्लोरीनचं ब्लीच. कॉलर मळली म्हणून ब्लीचचं टोपणभर पाणीही नको. ‘ऑक्सिजन’वाल्या डाग काढायच्या पावडरीही नकोत.

दुसरा शत्रू तुझ्या नळालाच आहे. बोअरचं पाणी जड असतं. त्यात तेलापासून केलेला साबण घासलास की चुन्याशी मिळून त्याचा चिकट थर कापडावर बसतो. धाग्यातलं रसायन शाबूत असतं, पण वरचा थर स्निग्ध असतो, आणि तो पेटतो. कापड हाताला मेणचट लागू लागलं की समज. म्हणून द्रव डिटर्जंट वापर, शर्ट उलटा करून धू, एक पाणी जास्त काढ. थर बसलाच असेल तर शेवटच्या पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घाल. सॉफ्टनर बंद. आईच्या सवयीने खळही घालू नकोस. दोन्ही कापडावर जळण चढवतात. ट्रान्सफॉर्मर तेलाचा किंवा ग्रीसचा डाग धुऊन गेला नाही, तर तो शर्ट घालू नकोस, बदलून माग.

आता जे तुला तिथे कुणी पुरुष सांगणार नाही ते. आतले कपडे सुती घे. नायलॉनची लेस, पॉलिस्टरचं स्पोर्ट्स टॉप, असलं काही शर्टाच्या आत नको. बाहेरचं कापड टिकलं तरी त्यातून आत आलेल्या उष्णतेने आतलं वितळू शकतं. गळ्यातलं, हातातलं धातूचं सगळं खोलीवर. पुरुषांच्या मापाचा शर्ट ढगळ होतो म्हणून शिंप्याकडे नेऊन कंबरेत कमी करून घेऊ नकोस. तो पॉलिस्टरचा दोरा वापरेल, आणि अंग-कापडामधली हवेची पोकळीही जाईल, जी संरक्षणाचाच भाग आहे. लहान माप माग. बायकांच्या मापाचे शर्ट बनतात. स्टोअरने नाही म्हटलं तर लेखी माग. शर्ट खोचायचा, आणि त्यावर साधं फ्लुरोसंट जाकीट घालायला लावलं तर ते एफआर आहे का ते आधी बघ. पॉलिस्टरची जाळी वर घातली, तर शर्ट घालण्याचा उपयोगच गेला.

वीण विरली, भोक पडलं, शिवण उसवली, की दुरुस्ती एफआर दोऱ्याने आणि त्याच कापडाच्या ठिगळाने. ती सोय नसेल तर शर्ट बाद. दोन जोड पुरणार नाहीत. एक अंगावर, एक दोरीवर, तिसरा घडीत हवा. तिसऱ्याचे पैसे कंपनी देत नसेल, तर मी पाठवते. माप कळव.

तुझी,
मावशी