चेंडू सोडा, त्याच्याकडे बघा

सध्या घरात मला कुणी फारसं बोलू देत नाही, कारण तोंड उघडलं की चिनी फुटबॉलपटू वू लेई. चहा गाळताना वू लेई, भाजी निवडताना वू लेई. बायको म्हणाली, त्या माणसाचं नाव आता रेशन कार्डावरच चढवून टाका. पण तुम्हीच त्याची ही एक क्लिप बघा आणि मग बोला!

तारीख ४ जानेवारी २०२०. स्पेनच्या ला लिगामध्ये एस्पान्योल विरुद्ध बार्सिलोना. शहर एकच, क्लब दोन. एक जगातल्या धनाढ्यांपैकी, दुसरा त्या दिवशी गुणतक्त्याच्या पार तळाशी. बार्सिलोना २-१ ने पुढे. शेवटच्या टप्प्यात एस्पान्योलचा २४ नंबर, म्हणजे आपला वू लेई, बदली म्हणून मैदानात उतरतो. ८८ वं मिनिट. मातियास वार्गासचा पास उजवीकडे सरकतो, २४ नंबर बचावफळीच्या मागून सुटतो आणि जमिनीलगत सपकन मारलेला चेंडू गोलकीपर नेटोला चकवून लांबच्या कोपऱ्यात. २-२! बार्सिलोनाविरुद्ध गोल करणारा पहिला चिनी खेळाडू.

मी ती क्लिप परत लावली. परत लावली. मग ध्यानात आलं की मी गोल बघतच नाहीये, मी त्याच्या आधीचे दोन-तीन सेकंद बघतोय. चेंडू अजून लांब आहे, बचावपटूची नजर चेंडूवर आहे, आणि हा गडी त्या नजरेच्या नेमका आडोशाला उभा आहे. खो-खोमध्ये पळणारा बसलेल्या गड्यांच्या साखळीतून जसा आत-बाहेर करत निसटतो, तसा हा चार बचावपटूंच्या रांगेतून निसटतो. उंची १.७४ मीटर, म्हणजे हवेतल्या चेंडूसाठी धिप्पाड बचावपटूंशी टक्कर घेण्याचं काम नाही. त्याचं सगळं भांडवल त्या धावेत. पास येणार कुठे, हे पास देणाऱ्याच्या आधी याला कळतं की काय, देव जाणे!

मग काय, त्याच्या आयुष्यात मागे मागे जात राहिलो. जन्म १९ नोव्हेंबर १९९१, नानजिंगचा. आणि मग छोंगमिंग. यांगत्से नदी समुद्राला मिळते तिथलं मोठं बेट, शांघायच्या हद्दीतलं. चीनच्या राष्ट्रीय संघाचे माजी प्रशिक्षक शू गनबाओ यांनी या शतकाच्या सुरुवातीला तिथे मुलांसाठी फुटबॉलची निवासी अकादमी उभारली. शिस्तीचे कडक, वयाने साठीकडे झुकलेले, आणि स्वप्न कसलं, तर लहान पोरांना हाताशी धरून थेट देशातला अव्वल क्लब घडवायचा! वेडेपणाच. पण ते तिथेच थांबले नाहीत. मुलं मोठी होऊन दुसऱ्यांच्या क्लबात जाण्याऐवजी त्यांच्यासाठीच एक क्लब काढला, शांघाय ईस्ट एशिया, आणि ती कोवळी पोरं तिसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये दाढीमिशा आलेल्यांसमोर उभी केली.

त्यांतला एक वू लेई. २ सप्टेंबर २००६ ला तो पहिला सामना खेळला तेव्हा त्याचं वय होतं १४ वर्षं २८७ दिवस. चीनच्या व्यावसायिक लीगमध्ये इतक्या लहान वयात तोवर कुणी उतरलं नव्हतं. आपल्याकडे या वयाच्या पोराला शाळेच्या संघात घ्यायलासुद्धा सर म्हणतात, पुढच्या वर्षी बघू.

पुढच्याच वर्षी हा पोरांचा संघ तिसरी श्रेणी जिंकून वर गेला. २०१२ मध्ये दुसरी श्रेणीही जिंकली, वू लेईचे १७ गोल. एकत्र राहिलेली, एकत्र जेवलेली तीच मुलं २०१३ ला चायनीज सुपर लीगमध्ये, म्हणजे थेट अव्वल श्रेणीत! गोलकीपर यान जुनलिंग, बचावातला वांग शनचाओ, सगळे त्याच बेटावरचे. मला या गोष्टीतला हा भाग इतका आवडतो की खरं तर इथेच थांबावं. पण थांबवत नाही.

कारण पुढे पैसा आला. शांघायचं बंदर चालवणाऱ्या कंपनीने क्लब घेतला. ब्राझीलचे हल्क आणि ऑस्कर आले. त्या काळात चिनी क्लब परदेशी आघाडीवीरांवर पाण्यासारखा पैसा ओतत होते आणि स्थानिक फॉरवर्डना बाकावर बसावं लागत होतं. २००८ ते २०१७ या दहा वर्षांत सुपर लीगचा सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट एकाही चिनी खेळाडूला मिळाला नाही. आणि हा? २०१३ ला १५ गोल, मग १२, १४, १४, २०, आणि २०१८ ला २७! गोल्डन बूट त्याचा, आणि सलग सात वर्षं विजेतेपद दाबून बसलेल्या ग्वांगझो एव्हरग्रांदला खाली खेचून क्लबचं पहिलंवहिलं विजेतेपदही. (त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, सूजोमध्ये, आपल्या भारतीय संघाने चीनला ०-० असं रोखलं होतं. गुरप्रीत सिंग संधू गोलमध्ये. हेही जाता जाता बघून घ्या, छाती फुगते.)

जानेवारी २०१९ ला तो एस्पान्योलला गेला. क्लबचे मालक तेव्हा चिनी होते, त्यामुळे कुजबुज झालीच: खेळाडू घेतला की जर्सी विकायला माणूस घेतला? उत्तर २ मार्चला आलं. वायादोलीदविरुद्ध गोल, ला लिगामधला पहिला चिनी गोल. हंगामाच्या शेवटच्या दिवशी रेआल सोसिएदादविरुद्ध आणखी एक, आणि क्लब युरोपा लीगच्या पात्रता फेरीत. चिनी चाहते त्याला ‘अख्ख्या गावाची आशा’ म्हणू लागले. अर्धी चेष्टा, अर्धी माया. अब्जावर माणसांचं गाव आणि आशा एका माणसाच्या दोन पायांवर. मला हे वाचूनच खांदे दुखायला लागले.

स्पेनमध्ये तो फार मोठा झाला, असं मी म्हणणार नाही. प्रेमात पडलोय, आंधळा झालेलो नाही. बार्सिलोनाविरुद्धच्या त्या गोलनंतर सहा महिन्यांनी त्याच बार्सिलोनाकडून हरून एस्पान्योल दुसऱ्या श्रेणीत घसरला. तो मात्र तिथेच राहिला, दुसऱ्या श्रेणीत खेळला, क्लबबरोबर परत वर आला, मग बाकावर बसला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये शांघायला, आपल्या जुन्या क्लबात परतला. आता त्याचं नाव शांघाय पोर्ट.

आणि जानेवारी २०२४. कतारमध्ये आशियाई करंडक, चीन विरुद्ध लेबनॉन. समोर गोल मोकळा. आणि वू लेईचा फटका वाया! तीन सामने, चीनचा एकही गोल नाही, गाशा गुंडाळून घरी. गावाने आशेला किती शिव्या घातल्या असतील, विचारू नका. पण मी ती चूकसुद्धा परत परत पाहिली, आणि शपथेवर सांगतो, तिथवर पोचण्याची धाव तीच होती, आडोशातून निघणारी. तिथे तो पोचला म्हणून तर चुकला. बाकीचे त्या जागी पोचलेच नव्हते.

त्यानंतर काही आठवड्यांनी लीग सुरू झाली आणि ३२ वर्षांच्या या माणसाने एका हंगामात ३४ गोल मारले. चौतीस! सुपर लीगच्या इतिहासात कुठल्याही देशाच्या कुठल्याही खेळाडूने इतके मारले नव्हते. पुन्हा गोल्डन बूट, लीग शांघाय पोर्टची, देशाचा एफए कपही त्यांचाच.

आता एक काम करा. ७ ऑक्टोबर २०२१, शारजा, विश्वचषक पात्रता, चीन विरुद्ध व्हिएतनाम. चीन २-० ने पुढे, दुसरा गोल याचाच. ८० व्या मिनिटाला २-१, ९० व्या मिनिटाला २-२, सगळे डोक्याला हात लावून उभे. ९५ वं मिनिट, ३-२, कुणी मारला ते सांगत नाही. क्लिप शोधा, चेंडू सोडा, फक्त त्याच्यावर नजर ठेवा, आणि मग मला फोन करा. कितीही वाजता चालेल.