सोमनाथच्या छावणीला लेक पाठवताना

लेक अकरावीत असताना शाळेतून एक रंगीत पत्रक घरी आलं. कंबोडियाला पंधरा दिवसांची 'सेवा सहल'. अनाथाश्रमातल्या मुलांना इंग्रजी शिकवायचं, शाळेच्या भिंतीला रंग द्यायचा, दोन दिवस अंगकोर वाटची मंदिरं बघायची आणि येताना प्रमाणपत्र घेऊन यायचं. परदेशी विद्यापीठांत प्रवेश घेताना ते उपयोगी पडतं, असं पालकसभेत आवर्जून सांगितलं गेलं. देवासमध्ये आमच्यासारखी जी मराठी घरं आहेत, त्यांतली मुलं आज ना उद्या इंदूर, पुणे, बंगळुरू करत पुढे जाणारच असतात. त्यामुळे सभेतले बरेच पालक तिथल्या तिथेच हिशेबाला लागले.

लेकीच्या डोळ्यांपुढे मात्र प्रमाणपत्र नव्हतं. "आई, मला खरंच कुणाच्या तरी उपयोगी पडायचंय," असं ती म्हणाली, आणि ते तिने मनापासून म्हटलं होतं. सोळा-सतराव्या वर्षी ही ओढ फार खरी असते. घरच्यांनी ती हसण्यावारी नेली तर पोरं पुन्हा तो विषय आपल्यापाशी काढत नाहीत. म्हणून ते पत्रक मी बाजूला टाकलं नाही, त्याबद्दल मिळेल ते वाचत बसले.

वाचलं ते अस्वस्थ करणारं होतं. कंबोडियातल्या अनाथाश्रमांत राहणाऱ्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात आहेत, हे युनिसेफ कितीतरी वर्षं सांगत आलं आहे. पाहुणे येतात, देणग्या देतात, म्हणून आश्रम वाढतात आणि ते भरायला गरीब घरांतून मुलं आणली जातात. ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने २०१७ सालच्या अहवालात आधुनिक गुलामगिरीचा विचार करताना या अनाथाश्रमांच्या व्यापाराचीही दखल घेतली. पंधरा दिवस जीव लावायचा आणि निघून जायचं, अशी माणसं त्या लेकरांपुढे वर्षभर येत-जात राहतात. हे वाचलं आणि मला माझ्या लेकीची नाही, त्या पोरांच्या आयांची काळजी वाटली. भिंतीचंही तेच. माझ्या मुलीला भिंत रंगवता येत नाही. तिथल्या रंगाऱ्याला ते येतं, आणि त्याला मजुरीची गरज असते.

मी तिला हे सगळं वाचायला दिलं. ती दोन दिवस गप्प होती. मग तिने विचारलं, "म्हणजे कुणी कुठे जाऊच नये का?"

प्रश्न रास्त होता, आणि जाऊ नये असं माझं मत मुळीच नव्हतं. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली, पिएर सेरेसोल नावाच्या स्विस माणसाने फ्रान्समधल्या व्हर्दनजवळ उद्ध्वस्त झालेलं एक गाव उभं करायला स्वयंसेवकांची छावणी घातली होती. काल एकमेकांवर गोळ्या झाडणाऱ्या देशांतली माणसं तिथे एकत्र राबली. हेच सेरेसोल १९३४ च्या भूकंपानंतर बिहारमध्ये आले आणि गावं पुन्हा वसवायच्या कामाला लागले. पाहुणा म्हणून जाणं वेगळं आणि तिथल्या माणसाच्या हाताखाली राबायला जाणं वेगळं. लेकीला सांगण्यासारखं माझ्याजवळ एवढंच होतं : जिथली माणसं त्या जागेची मालक आहेत, जिथे काय करायचं ते तीच ठरवतात, तिथे जा.

अशी जागा आमच्या माहितीत होती. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्यात सोमनाथ म्हणून आनंदवनाचा प्रकल्प आहे. बाबा आमट्यांनी १९६७ साली तो सुरू केला. कुष्ठरोगातून बरी झालेली माणसं तिथे जंगलाकडेची जमीन कसतात, भात आणि भाजीपाला पिकवतात, तळी राखतात. दर वर्षी १५ ते २२ मे या आठवड्यात तिथे श्रमसंस्कार छावणी भरते. महाराष्ट्रभरातून आणि बाहेरूनही तरुण पोरं येतात, सकाळी श्रमदान करतात, दुपारी-संध्याकाळी चर्चा, व्याख्यानं, गाणी. सेवेच्या वाटेला लागलेल्या महाराष्ट्रातल्या कितीतरी माणसांनी पहिली कुदळ या छावणीत उचलली आहे. नागपूरची माझी भाची दोनदा जाऊन आली होती. तिने फोनवर जे काय सांगितलं असेल ते असो, पण लेकीने कंबोडियाचं पत्रक स्वतःच रद्दीत टाकलं.

माझं माहेर धारचं. माझ्या लहानपणी आमच्या घरात बाबा आमट्यांचं नाव रोज असायचं, त्याला कारण नर्मदा. १९९० मध्ये बाबा आनंदवन सोडून, धरणाला विरोध करणाऱ्यांच्या सोबतीला, बडवानीजवळ कसरावदला नदीकाठी राहायला आले आणि दहाएक वर्षं तिथे राहिले. नदीच्या या तीरावर आमचा धार जिल्हा, त्या तीरावर बडवानी. माझे वडील शाळामास्तर. सुट्टीत कुक्षीवरून चिखल्द्याला जायचे, पलीकडे उतरायचे आणि कसरावदला जाऊन यायचे. आल्यावर सांगायचे, की पाठीच्या दुखण्यामुळे त्या माणसाला बसता येत नाही, एक तर उभं राहायचं नाही तर आडवं व्हायचं, आणि तशातही लोक भेटायला येतात आणि ते बोलतात. चिखल्दा आता राहिलं नाही. २०१९ मध्ये सरदार सरोवर पहिल्यांदा १३८.६८ मीटरपर्यंत भरलं, तेव्हा ते गाव आणि निसरपूरची जुनी वस्ती पाण्याखाली गेली. वडिलांना ती बातमी सांगावी लागली नाही, ते आधीच गेले होते. लेक सोमनाथला जायचं म्हणाली, तेव्हा मला सगळ्यात आधी त्यांची आठवण झाली.

सासरी मात्र वातावरण तापलं. उन्हाचं म्हणाल तर मे महिन्यातलं चंद्रपूर काय असतं ते सगळ्यांना माहीत आहे. पारा पंचेचाळीसच्या पुढे जाणं तिथे नवलाचं नाही. मूल तालुक्यात वाघाच्या बातम्या नित्याच्या. पण सासूबाईंच्या मनात खरी भीती वेगळी होती आणि ती त्यांनी स्पष्ट बोलून दाखवली : "पोरीचं लग्न व्हायचंय. महारोग्यांत राहून आली म्हटल्यावर लोक काय म्हणतील?"

त्यांच्या या भीतीला अडाणीपणा म्हणून मी कधीच झिडकारणार नाही. त्यांच्या माहेरी, उज्जैनला, शेजारच्या घरातल्या एका सुनेला हा रोग झाला होता. तिला परसातल्या खोलीत ठेवलं. ताट वेगळं, पाणी वेगळं, आणि एक दिवस नवऱ्याने काडीमोड घेतला. कायदा तेव्हा त्याच्याच बाजूने होता. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून आपल्या कायद्यात २०१९ पर्यंत होतं. कुष्ठरोग्यांना वेगळं डांबण्याचा इंग्रजांचा १८९८ चा कायदा तर २०१६ मध्ये रद्द झाला. सरकारलाच एवढा वेळ लागला, तर त्या सुनेला डोळ्यांनी पाहिलेल्या बाईला का लागू नये?

आमच्या घरच्या डॉक्टरांना मी मुद्दाम चहाला बोलावलं. त्यांनी सासूबाईंना समोर बसवून सांगितलं, की कुष्ठरोग हा एका जंतूचा आजार आहे, तो सहजासहजी पसरत नाही, आणि बहुविध औषधोपचार सुरू झाला की रोगी लवकरच दुसऱ्याला संसर्ग देईनासा होतो. १९८० च्या दशकापासून हे औषध आपल्याकडे आहे आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. बोटं झडलेली दिसतात ती चालू रोगाची खूण नसते. आधी मेलेल्या मज्जातंतूंमुळे संवेदना जाते, मग भाजलेलं-कापलेलं कळत नाही, जखमा चिघळतात. माणूस बरा होतो, हात तसेच राहतात. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. होकार दिला नाही, पण निघायच्या आदल्या दिवशी नातीला माताटेकडीवर नेलं, थोरल्या आणि धाकट्या दोन्ही मातांची ओटी भरली आणि पिशवीत शेवेचा पुडा टाकला.

त्या आठवड्यात फोन क्वचित लागला. लागला की "आई, बरी आहे, झोप येतेय," एवढंच. समारोपाच्या आदल्या दिवशी मी नागपूरमार्गे तिला आणायला गेले. आणायची गरज नव्हती, भाची बरोबर होतीच. मला ती जागा बघायची होती.

पहाटे अंधारातच सगळे उठले. एका तळ्याकडे येणाऱ्या पाटातला गाळ काढायचं आणि बाजूचा बांध भरायचं काम चालू होतं. पोरांची रांग लागली होती, घमेली हातोहात पुढे जात होती. देवासची मुलगी पाण्यासाठी माती उपसते आहे, याचं मला विशेष वाटलं. १९९० च्या सुमारास आमच्या गावाला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. पुढे २००६ पासून जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी हजारोंनी शेततळी खोदली, तेव्हा कुठे बोअर आणखी खोल नेण्याची शर्यत मंदावली. हे सगळं लेकीने शाळेत प्रकल्प म्हणून लिहिलं होतं. घमेल्यात भरलेल्या ओल्या गाळाचं वजन तिला इथे कळलं.

कामावर देखरेख करणारे एक आबा होते, सत्तरीचे. मूळचे आदिलाबादकडचे, मराठीत तेलुगूचा हेल. दोन्ही हातांना बोटं जवळजवळ नव्हती. कुदळीचा दांडा त्यांनी तळव्याच्या खोबणीत धरला होता आणि मनगटाशी कापडी पट्ट्याने आवळला होता. माझ्या लेकीला ते सांगत होते, "पाय फाक. तू जोर लावू नको, कुदळीला पडू दे." तिने मारलेला घाव मातीत दोन इंच जायचा, त्यांचा सहज दुप्पट. शहरातून आलेली दणकट पोरंही त्यांच्या मागे पडत होती. उपकार कोण कुणावर करतंय, असा प्रश्नच तिथे उभा राहत नव्हता. जमीन त्यांनी कसलेली, बांध त्यांचा, पीक त्यांचं. आमची पोरं शिकाऊ गडी होती आणि त्यांना तसंच वागवलं जात होतं.

संध्याकाळी मी त्या आबांना त्यांच्या ओट्यावर बसलेलं पाहिलं. पुढ्यात पाण्याची परात. हात-पाय बराच वेळ पाण्यात भिजवून, घट्टे घासून, वर तेल चोळून ते तळवा दिव्याजवळ नेऊन निरखत होते. लेक शेजारी बसली होती. तिच्या उजव्या तळहातावर फोड फुटून लालबुंद झालं होतं. त्यांनी तो हात बघितला आणि म्हणाले, "दुखतंय ना? तुला दुखतंय म्हणून तू हात आवरशील. मला दुखत नाही, म्हणून रोज बघावं लागतं." मग त्यांनी उरलेलं तेल तिच्यापुढे सरकवलं.

मी तिथून हलले. तिने मला पाहिलं नव्हतं, आणि ते दोघांचं बोलणं होतं.

परत येताना गाडीत ती खूप बोलली. आबांना दोन मुलं आहेत, एकाचं किराणा दुकान आहे, तो वर्षातून एकदा येतो. आबा गावाला जात नाहीत. सुनेच्या माहेरच्यांना त्यांच्याबद्दल सांगितलेलंच नाही. "आई, रोग बरा होऊन चाळीस वर्षं झाली त्यांना," असं म्हणताना तिचा आवाज चढला. डब्यातली माणसं बघायला लागली. मी तिला गप्प केलं नाही. त्या रागासाठीच तिला पाठवलं होतं असं नाही, पण तो आलेला पाहून मला बरं वाटलं. आपल्या मुलाला दुसऱ्याचं दुःख बघून रडू येणं चांगलंच, पण अन्याय ओळखून त्याचा संताप येणं मला त्याहून मोलाचं वाटतं.

घरी आल्यावर तिच्यात काही आमूलाग्र बदल झाला असं मी सांगणार नाही. खोली तशीच पसरलेली, फोन तसाच हातात. पण कॉलनीतल्या मैत्रिणींनी गटाने सेवेला जायचं काढलं, तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, "त्यांनी आपल्याला बोलावलंय का?" एका रविवारी आजीपाशी बसून उज्जैनच्या त्या सुनेची सगळी हकिगत तिने काढून घेतली. तिचं पुढे काय झालं ते सासूबाईंना ठाऊक नव्हतं. "कुणी विचारलंच नाही गं," असं त्या म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले. त्या दिवशी मला सासूबाई फार जवळच्या वाटल्या.

यंदा बारावी आहे. विद्यापीठ प्रवेशाची सीयूईटी मे महिन्यात असते, तारखा छावणीवर येण्याची भीती आहे. म्हणून लेकीने वेगळाच बेत काढला आहे : परीक्षा आटोपली की जुलैमध्ये भाताच्या रोवणीला आठ-दहा दिवस जायचं. मदत हवी आहे का, असं विचारणारं पत्र तिने आधी पाठवलंय. उत्तर यायचं आहे, आणि नको म्हणाले तर जायचं नाही, हे तिचं तिनेच ठरवलंय. परवा जेवताना तिने हा बेत आजीच्या कानावर घातला. सासूबाईंनी पोळीचा घास हातातच ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भर पावसात? चिखलात? अगं, तिकडे साप किती असतील!"