नववी ‘ब’ची एकोणीस दिवसांची हजेरी

‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य फार सोयीचं आहे. ते म्हटलं की बोलणाऱ्याला काही करावं लागत नाही आणि ऐकणाऱ्यालाही. आपल्या मनात सर्व्हर म्हणजे कुठेतरी लांब बसलेला एक लहरी साहेब असतो. खरं तर आम्हा पनवेलकरांनी त्याला इतकं लांब समजायचं कारण नाही, २०२० मध्ये योट्टाचं भलंमोठं डेटा सेंटर इथेच सुरू झालं. पण आमच्या शाळेची माहिती कुठल्या सर्व्हरवर जाते हे शाळेत कुणालाच ठाऊक नव्हतं. ती जात नाही, एवढंच ठाऊक होतं.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते आणि नववी ‘ब’ची वर्गशिक्षिका आहे. आमच्या संस्थेने दोन वर्षांपूर्वी एक सॉफ्टवेअर घेतलं. मस्टरवरची हजेरी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर भरायची आणि ‘पाठवा’ दाबायचं, की ती इंटरनेटवरून मध्यवर्ती कार्यालयात पोचते. ज्यांची हजेरी ७५ टक्क्यांच्या वर, त्या मुलींना फीमध्ये सवलत. पाठवताना कधीकधी लाल चौकट यायची, ‘संपर्क होऊ शकला नाही.’ कधी एक दिवस, कधी सलग तीन दिवस. मग आपोआप सुरळीत.

“आपा, सर्वर का मूड है,” आमच्या क्लार्क मॅडम म्हणायच्या.

दिवाळीच्या सुट्टीनंतर सवलतीची यादी आली आणि माझ्या वर्गातल्या सात मुली तिच्यात नव्हत्या. त्यातल्या एकीचे वडील कळंबोलीच्या लोखंड बाजारात हमाली करतात. तिची अम्मी बुरख्याच्या टोकाने घाम पुसत म्हणाली, “टीचर, मेरी बच्ची तो रोज आती है.” येतच होती. माझ्या मस्टरवर ९० पैकी ८४ दिवस. यादीत मात्र ६६, म्हणजे ७३ टक्के. जे १९ दिवस पोचलेच नव्हते, ते तिकडे सरसकट ‘गैरहजर’ म्हणून मोजले गेले होते. माहिती आली नाही आणि मुलगी आली नाही, या दोन गोष्टींसाठी त्यांच्याकडे एकच खूण होती.

सॉफ्टवेअरवाल्यांना फोन केला, तर म्हणाले, आमच्याकडे सगळं ठीक आहे, तुमचं नेट बघा. नेटवाला म्हणाला, नेट ठीक आहे. दोघंही खरं बोलत होते, हे मला नंतर कळलं.

मी दोन कामं केली. एक म्हणजे चौकट आली त्या तारखा मस्टरच्या मागे लिहायला लागले. दुसरं, चौकट आली की लगेच माझ्या मोबाइलवर तोच पत्ता उघडून बघायचे. उघडायचा. म्हणजे सर्व्हर जिवंत. मोबाइलचा हॉटस्पॉट ऑफिसच्या कॉम्प्युटरला जोडला, तरी चौकट तीच. म्हणजे नेटही निर्दोष. उरला आमचाच कॉम्प्युटर. आणि तारखा बघाव्यात तर बहुतेक वेळा सुरुवात सोमवारी किंवा सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी.

हे सॉफ्टवेअर प्रत्येक प्रयत्नाची नोंद एका फाइलमध्ये ठेवतं. ती उघडली, तर बिघाडाच्या दिवसांची एकही नोंद नाही. खूप वर सरकवल्यावर सापडल्या. सगळ्यांवर जानेवारी २०१० च्या तारखा! तेव्हा ना हे सॉफ्टवेअर होतं, ना मी या शाळेत. चूक इंग्रजीत लिहिली होती, त्यात ‘ट्रस्ट’ हा शब्द. एतबार. सर्व्हरने आम्हाला नाकारलंच नव्हतं. आमच्या कॉम्प्युटरचा त्याच्यावर विश्वास बसत नव्हता.

त्याचं कारण असं. सुरक्षित जोडणीच्या वेळी सर्व्हर आपलं प्रमाणपत्र दाखवतो. त्यावर ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ असं लिहिलेलं असतं. लेट्स एन्क्रिप्टची प्रमाणपत्रं तर बहुतेक ९० दिवसांचीच. ३० सप्टेंबर २०२१ ला असंच एक मूळ प्रमाणपत्र मुदत संपून बाद झालं, तेव्हा जगभरातली कितीतरी जुनी यंत्रं अडली होती. आमचं उलटं होतं. २०१० मध्ये बसलेल्या कॉम्प्युटरला ते प्रमाणपत्र अजून सुरूच व्हायचं होतं.

मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर २०३२. वीज नसताना घड्याळ त्याच्यावर चालतं. आमचा मरायला टेकला होता. शिपाई मामा रोज संध्याकाळी मेन स्विच बंद करतात. एक रात्र सेल निभावायचा, रविवार निभवायचा नाही. विंडोज इंटरनेटवरून वेळ जुळवून घेतं, पण साध्या कॉम्प्युटरवर फरक १५ तासांहून जास्त असेल तर ते स्वतः हात लावत नाही. सॉफ्टवेअर पूर्ण पडदा व्यापतं, त्यामुळे कोपऱ्यातली तारीख दिसायची नाही. रमजानमध्ये मिनिटामिनिटाला घड्याळ बघणारे आम्ही सगळे त्याच टेबलाशी बसत होतो!

मग ते आपोआप सुरळीत कसं व्हायचं? क्लार्क मॅडम बोनाफाइड छापायच्या, त्यावर भलतीच तारीख यायची, म्हणून त्या तारीख दुरुस्त करायच्या. ज्या दिवशी कुणाला बोनाफाइड हवं, त्या दिवशी सर्व्हर बरा व्हायचा. यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटायचं कारणच नव्हतं.

नवा सेल चाळीस रुपयांना मिळाला. त्यानंतर चौकट नाही.

एकोणीस दिवसांचं काम मात्र लांबलं. मागचे महिने ‘बंद’ झाले होते, त्यामुळे मुख्याध्यापकांच्या सहीने मस्टरच्या झेरॉक्स घेऊन मी दोनदा मध्यवर्ती कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांना सेलची गोष्ट पटायला वेळ लागला, पण पटली. सातही नावं यादीत आली, आणि ‘माहिती अप्राप्त’ असा वेगळा रकाना करायचं त्यांनी कबूल केलं. अजून झालेला नाही. मी दर महिन्याला विचारते.

कळंबोलीची मुलगी तोवर यायची थांबली होती. पूर्ण फी भरावी लागणार म्हणून घरच्यांनी तिला मामूकडे तळोज्याला पाठवलं होतं. यादी दुरुस्त झाल्यावर मी फोन केला आणि ती परत आली. मधले अकरा दिवस मस्टरवर गैरहजर आहेत. तेवढे मात्र खरे आहेत, त्यामुळे ते मला बदलता येत नाहीत. वर्षअखेर ७५ च्या वर राहायला तिला आता किती दिवस हवेत, हे आम्ही दोघींनी तिच्या वहीच्या मागच्या पानावर मांडून ठेवलंय.